दालमिलवर पहिला माणूस ठेवताना

आमच्या दारव्हा तालुक्यात माणूस कामाला ठेवण्याची एक जुनी रीत आहे. गुढीपाडव्याच्या आसपास गडी मालकाच्या ओसरीवर येऊन बसतो, दोन्हीकडचा एकेक जाणता माणूस सोबत असतो, सालाचा आकडा ठरतो, धान्य किती, कपडे किती, उचल किती हे बोलून होते आणि चहा झाला की पुढच्या पाडव्यापर्यंतचा व्यवहार पक्का होतो. मध्ये कागदाचा तुकडाही येत नाही. माझ्या वडिलांनी असे सालदार ठेवले, मीही वावरासाठी दोन वर्षे ठेवला होता. त्यामुळे २०२२ च्या डिसेंबरात घरच्या दालमिलवर पहिला माणूस घ्यायचे ठरले, तेव्हा तो याच रीतीने घेता येईल असे मी धरून चाललो होतो.

आमची दालमिल लहान आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलचे ते यंत्र असून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून त्यावर ३५ टक्के अनुदान मिळाले होते. पहिले दोन हंगाम मी आणि माझी पत्नी असे दोघांनीच काढले. तूर चाळायची, रोलरवर ओरखडे पाडायचे, तेल-पाणी लावून वाळवायची आणि मग भरडायची, हे सगळे करून गिऱ्हाइकांचा हिशेबही आम्हीच ठेवायचा. तिसऱ्या हंगामाला आजूबाजूच्या चार गावांतून तूर येऊ लागली आणि दोघांना ते झेपेना.

आधी माझ्याकडे शेजारच्या एका घरातला मुलगा आला होता. वय विचारले तर अठरा पूर्ण म्हणाला. शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगितला आणि जन्मतारीख पाहिली, तर सोळावे संपून पाचच महिने झाले होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा या वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही, एवढे मला ठाऊक होते. फिरत्या पट्ट्याजवळ दिवसभर उभे राहण्याचे काम मी धोकादायकच समजतो, म्हणून त्याला परत पाठवले. त्याच्या घरचे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर आला तो पंचवीस वर्षांचा होता. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत त्याने ठेकेदारामार्फत दोन वर्षे काम केले होते आणि २०२० च्या टाळेबंदीत तो गावी परतला होता. त्याच्यासोबत त्याची आई आली होती. तिचे म्हणणे साधे होते, "पाडव्यापासून साल धरा ना भाऊ, मधातच कायले?" मी महिन्याला आठ हजार आणि वर्षाला दोन पोती ज्वारी असा आकडा सांगितला, आणि तिने मान डोलावली. मुलगा मात्र जरा वेळाने म्हणाला, "काका, पीएफ कटन काय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. "चौकशी करून सांगतो," असे म्हणून मी त्यांना निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी ज्यांच्याकडे माझे आयकराचे काम आहे त्या सल्लागारांकडे गेलो. त्यांनी वहीतून मान वर न करताच सांगितले की एका माणसासाठी कोणताही कायदा लागत नाही, त्याला कच्च्यात ठेवा, पगार रोखीने द्या आणि खर्चात मजुरी म्हणून टाका. हा सल्ला आमच्या भागात सर्रास दिला जातो आणि तितकाच सर्रास पाळला जातो. पण त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, म्हणून मी यवतमाळला कामगार कार्यालयात जाऊन बसलो. तेथील एका कर्मचाऱ्याने मोठ्या धीराने मला जे समजावले, त्याचे टिपण मी एका तुरीच्या पावतीच्या मागे केले होते. ती पावती आजही फाइलमध्ये आहे.

त्या टिपणात वरून खाली आकडे आहेत. वीस माणसे झाली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, सक्तीचा होतो. १९५२ च्या त्या कायद्याप्रमाणे मालकाचे बारा टक्के आणि कामगाराचे बारा टक्के भरायचे, आणि मालकाच्या बारातले ८.३३ निवृत्तिवेतनाकडे जातात. दहा माणसे झाली की आजारपण-अपघातासाठीची कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, येते, तिच्यात महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार बसतो आणि मालक ३.२५ तर कामगार ०.७५ टक्के भरतो. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदाही दहापासूनच. पाच माणसे झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरमध्ये भरावी लागते. येथपर्यंत सल्लागारांचे म्हणणे खरे होते, कारण यांतले काहीच एका माणसाला लागू नव्हते. पण त्या पावतीवर सर्वात खाली "१" हा आकडा आहे आणि त्याच्यापुढे चार ओळी आहेत : किमान वेतन, वेळेवर पगार, व्यवसाय कर, नुकसानभरपाई. पहिल्याच माणसाबरोबर दारात येणारे कायदे ते हेच, आणि त्यांच्याविषयी मला तोवर कोणी अवाक्षर सांगितले नव्हते.

किमान वेतनाची गोष्ट मला सर्वात आधी खटकली, कारण मी सांगितलेला आकडा तिथेच कोसळला. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत भात गिरणी, पीठ गिरणी आणि डाळ गिरणी यांतील नोकरी अगदी सुरुवातीपासून होती. गिरणी केवढी आणि माणसे किती, याचा तिथे प्रश्नच नव्हता. राज्य शासन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन पायऱ्यांचे मूळ वेतन परिमंडळानुसार ठरवते आणि त्यावर विशेष भत्ता देते, जो महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला बदलतो. आमच्यासारखे गाव शेवटच्या परिमंडळात, म्हणजे सर्वात कमी दराच्या गटात येते. तरीही मूळ वेतन आणि भत्ता यांची बेरीज माझ्या आठ हजारांच्या बरीच वर गेली. मी ज्वारीच्या दोन पोत्यांची किंमत जोडून पाहू लागलो, तेव्हा समोरचा माणूस हसला. किमान वेतन रोखीच्या स्वरूपातच द्यावे लागते. धान्य द्यायचे असेल तर खुशाल द्या, पण ते पगारात धरू नका. मुलगा स्वखुशीने कमी पगारावर यायला तयार आहे, तसे लिहूनही देईल, असे मी म्हणालो, त्यावर उत्तर मिळाले की असे लिहून दिलेले कायद्याने रद्दबातल असते, आणि कामगाराने पुढे दावा केला तर फरकाच्या रकमेवर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडत बसलो. क्विंटलमागे भरडाईचे काय मिळते, हंगामात किती क्विंटल होते, बाकीचे सहा-सात महिने तो माणूस काय करणार. शेवटी महिना १३,००० रुपये ठरवले. तो आकडा त्या वेळच्या किमान दराच्या वर होता आणि महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागला तर दिवसाचे बरोबर ५०० रुपये निघत होते, ही सोय मला पुढे फार उपयोगी पडली. हंगाम नसताना डाळ आसपासच्या बाजारांत नेऊन विकायची, हे काम त्याच्याकडे द्यायचे ठरले. पीएफविषयी त्याला मी खरे ते सांगितले : वीसच्या खाली मालक आणि बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने निधीची योजना स्वेच्छेने लावून घेता येते, पण आज माझी तेवढी ऐपत नाही. त्याने थोडा विचार करून "चालन" म्हटले. २ जानेवारी २०२३ रोजी, सोमवारी, तो कामावर आला.

आस्थापनेची नोंद हा त्यामानाने सोपा भाग होता. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा अधिनियम तेव्हा दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे नोंदणी मागत होता. त्याखालच्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. व्यवसाय सुरू झाल्यापासून साठ दिवसांत ती द्यायला हवी होती, मी दीड वर्ष उशिरा दिली. महा ई-सेवा केंद्रातल्या मुलीने अर्धा तास लावून अर्ज भरला आणि कामगारांच्या रकान्यात "१" लिहिले. २०२२ च्या दुरुस्तीने लहान आस्थापनांनाही मराठी पाटी सक्तीची झाली होती, पण ती अडचण आम्हाला नव्हतीच. आमच्या पाटीवर मराठीखेरीज काही लिहिण्याइतकी जागा पेंटरने ठेवलेली नाही.

व्यवसाय करात मात्र मी गोते खाल्ले. हा कर १९७५ च्या कायद्याने राज्य सरकार घेते आणि राज्यघटनेच्या २७६ व्या कलमामुळे तो एका माणसाला वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त लावता येत नाही. मालकाचे त्यात दोन वेगवेगळे खाते असते. एक स्वतःच्या धंद्याचे, ज्याला पीटीईसी म्हणतात, त्याचे वर्षाचे २,५०० रुपये मी जूनअखेर भरत होतोच. दुसरे कामगाराच्या पगारातून कापून भरण्याचे, पीटीआरसी, जे पहिला करपात्र कामगार आल्यापासून तीस दिवसांत काढावे लागते. पुरुष कामगाराचा पगार महिन्याला ७,५०० रुपयांच्या वर गेला की कर सुरू होतो. १०,००० च्या वर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून बरोबर २,५००. नोंदणी महाजीएसटी संकेतस्थळावर होते. पॅन, आधार, वीजबिल, रद्द केलेला धनादेश असे नेहमीचेच कागद लागतात आणि मला क्रमांक वेळेत मिळालाही. चूक झाली ती पुढे. इतक्या लहान रकमेचे विवरणपत्र वर्षातून एकदा भरायचे असते असे कोणीतरी सांगितले होते, त्यावर मी विसंबलो. नव्या नोंदणीच्या पहिल्या वर्षी ते दरमहा भरायचे असते, हे मला मे महिन्यात कळले. दोनशे रुपयांच्या करापायी एकेका विवरणपत्राला हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क. ते भरताना मला त्या करसल्लागारांची आठवण झाली, पण दोष त्यांना कसा देणार? त्यांनी मला नोंदणीच काढू नका असे सांगितले होते.

पगारातून पैसे कापणे ही गावात नाजूक गोष्ट असते. जानेवारीचा पगार मी ६ फेब्रुवारीला त्याच्या खात्यात टाकला, १२,८०० रुपये. सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा, ही ओळ मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. मार्चमध्ये फेब्रुवारीचा पगार गेला तो १२,७००. संध्याकाळी तो मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "काका, शंभर रुपये काहून कमी आले?" मी त्याला अकरा दुणे बावीस आणि वर तीनशे असा हिशेब पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी पगारपत्रक द्यायला लागलो : वर पगार, खाली कपात, कपातीचे कारण आणि हातात पडलेली रक्कम. वहीच्या पानावर हाताने लिहिलेले, पण दोघांच्या सह्या असलेले.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर हादरवले तिच्याकडे येतो. कामावर येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. आमच्याकडे हिवाळ्यात पुरुषांच्या गळ्यात दुपट्टा असतोच, त्याच्याही होता. तो हॉपरमध्ये तूर ओतायला वाकला आणि दुपट्ट्याचे टोक पुलीवरच्या पट्ट्यात गेले. मी स्विचपाशीच होतो म्हणून बटण दाबले गेले. तेवढ्यात कापड टर्रकन फाटले आणि तो मागे पडला. गळ्यावर लाल वळ उमटला, एवढ्यावरच निभावले. यंत्र थांबल्यावर पुलीभोवती त्या दुपट्ट्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. ती सुरीने कापून काढताना माझे हात थरथरत होते. माझ्या पावतीवरच्या चौथ्या ओळीचे, नुकसानभरपाईचे, मी तोवर काहीच केले नव्हते.

त्या रात्री मी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याची तक्त्यांसह छापलेली प्रत काढली, जी मला कामगार कार्यालयातूनच मिळाली होती. विजेवर चालणारे यंत्र वापरून जिथे उत्पादन होते, तिथे काम करणारा एकच माणूस असला तरी हा कायदा लागू होतो. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची होती हा प्रश्न बहुतेक वेळा गौणच राहतो. रक्कम ठरते ती पगार आणि वय यांवरून. पंचविसाव्या वर्षासाठी तक्त्यात २१६.९१ हा गुणक दिला आहे. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्या रकमेला त्याने गुणायचे : ६,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे १४,०९,९१५ रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पगाराच्या साठ टक्क्यांना गुणायचे : ७,८०० गुणिले २१६.९१, म्हणजे १६,९१,८९८. पुढे अवयवांची यादी आहे, ती वाचताना मला बसवेना. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. तर्जनीचा हिशेब मी केला, तो २,३६,८६५ रुपये आला. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. माझी मिल आणि दोन एकर वावर विकूनही यातला मोठा आकडा उभा राहिला नसता.

सकाळी दोन कामे केली. पहिले, गावातल्या वेल्डरकडून पुली आणि पट्टा झाकणारी लोखंडी जाळी करून घेतली. यंत्रासोबत आलेले झाकण सफाईला अडचण होते म्हणून मीच पहिल्या हंगामात काढून ठेवले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे. दुसरे, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन या कायद्याखालची विमा पॉलिसी घेतली, जिला एजंट लोक अजूनही जुन्या नावाने वर्कमन कॉम्पेन्सेशन म्हणतात. वर्षाचा हप्ता एक क्विंटल तुरीच्या भावापेक्षा कमी होता. एजंटाने दोन गोष्टी बजावल्या. विमा हजेरीपटावर दाखवलेल्या पगारावरच मिळतो, म्हणजे कच्च्यात ठेवलेल्या माणसाचा विमा उतरतच नाही; आणि उपचाराच्या खर्चाचे संरक्षण हवे असेल तर ते वेगळे मागून घ्यावे लागते. मी ते मागून घेतले. शिवाय त्याच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये कापायला सांगितले, ज्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. ही दोन लाखांची योजना घेतली की मालक मोकळा झाला, असा समज मी आमच्या भागातल्या बऱ्याच गिरणीवाल्यांकडून ऐकला आहे. तो साफ चुकीचा आहे. कायद्याने देणे असलेल्या भरपाईतला एक पैसाही त्याने कमी होत नाही.

याच कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक कर्तव्य आले होते : कामावर ठेवतानाच कामगाराला भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. न दिल्यास किमान पन्नास हजार रुपये दंड होता. मी तीन आठवडे उशिरा ती दिली, आणि ती देताना लक्षात आले की नेमणुकीचे पत्रही आपण दिलेले नाही. मग दोन्ही एकत्रच लिहिले. त्या एका पानावर त्याचे काम, पगार, कामाचे तास, सोमवारची सुट्टी कारण आमचा आठवडी बाजार त्या दिवशी असतो, पगाराची तारीख, काम सोडायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे, काही बरेवाईट झाल्यास कोणाला कळवायचे, आणि यंत्रापाशी दुपट्टा, सैल बाह्या व हातातला दोरा चालणार नाही, एवढे मी लिहिले. शेवटची अट वाचून त्याच्या आईने नाराजी दाखवली. मनगटावरचा दोरा तिने नवसाचा बांधलेला होता. तो दंडावर बांधायचे ठरले.

हजेरीपट ठेवायला लागल्यावर जादा कामाचा प्रश्न आपोआप समोर आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर इतकी येते की रात्री आठ-नऊपर्यंत यंत्र बंद होत नाही. पूर्वी अशा वेळी गड्याला जेवण आणि वर पन्नासची नोट दिली की काम भागे. किमान वेतनाच्या नियमांप्रमाणे दिवसाला नऊ तास किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तास यांपलीकडच्या कामाला तेव्हा दुप्पट दर द्यायचा होता. दिवसाचे ५००, आठ तासांनी भागले की तासाचे ६२.५०, दुप्पट १२५. मार्च २०२३ मध्ये त्याचे जादाचे एकतीस तास भरले, म्हणजे ३,८७५ रुपये. हा आकडा पाहून पत्नीने सुचवले की रात्री उशिरापर्यंत यंत्र चालवण्यापेक्षा गिऱ्हाइकांना वार ठरवून द्यावेत. पुढच्या हंगामापासून आम्ही गावनिहाय वार लावले, आणि जादाचे तास निम्म्यावर आले.

उचलीचा प्रसंग एप्रिलमध्ये आला. बहिणीच्या लग्नासाठी त्याच्या घरच्यांनी वीस हजार मागितले. सालदारीत हे अगदी स्वाभाविक आहे, किंबहुना उचल हाच त्या व्यवहाराचा पाया आहे. गडी पाडव्याला उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत मालक बदलू शकत नाही. मी पैसे द्यायचे ठरवले, पण आधी कामगार कार्यालयात फोन केला. आगाऊ दिलेली रक्कम हप्त्यांनी कापता येते, मात्र सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, असे तिथून कळले. पुढे जे सांगितले गेले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते : रक्कम फिटेपर्यंत तुला जाता येणार नाही असे म्हणालात, तर ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या जवळ जाते. तो उद्या सोडून गेला तर बाकी रक्कम हे साधे कर्ज आहे, ते कर्जासारखेच वसूल करा. मी दरमहा हजार रुपये, बिनव्याजी, असे वीस हप्ते लिहून दिले. हातात येणारा पगार ११,८०० झाला. नवव्या हप्त्यानंतर त्याला पुसदला नोकरीची बोलणी आली होती आणि तेव्हा उरलेल्या अकरा हजारांचे काय, हा विचार माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. मी तो बोलून मात्र दाखवला नाही. शेवटी तो गेला नाही.

अन्नपदार्थांचा धंदा असल्याने अन्नसुरक्षा नोंदणीतही कामगाराचा भाग आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र ठेवायचे असते. ग्रामीण रुग्णालयात एका सकाळी हे होते. आम्ही दोघे एकाच दिवशी जाऊन येतो.

दुसऱ्या वर्षी हंगामापुरत्या तीन बाया डाळ निवडायला घेतल्या, आणि एका माणसाचे शिकलेले सगळे पुन्हा पणाला लागले. आमच्याकडे बाईची रोजी पुरुषाच्या रोजीच्या निम्मी किंवा थोडी वर असते, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पण किमान वेतनाच्या तक्त्यात बाई आणि पुरुष असे दोन रकाने नाहीत, आणि एकाच कामाला स्त्रीला कमी मोबदला देण्यास १९७६ पासून कायद्याने मनाई आहे. मी अकुशलचा दर २६ ने भागून तो तिघींना दिला. चार दिवसांत गावातले दोन मोठे कास्तकार घरी आले. "बायांची रोजी तुम्ही अशी वाढवली त आमच्या वावरात कोण येईन?" हा प्रश्न खोटा नव्हता, कापसाच्या भावात त्यांना तो दर परवडत नाही, हे मलाही दिसत होते. मी त्यांना दालमिलचा दर आणि शेतीचा दर वेगवेगळ्या अधिसूचनांत असतो हे सांगितले, तक्ता दाखवला, चहा दिला. त्यांचे समाधान झाले नाही. तिघींच्या पगारातून व्यवसाय कर कापावा लागला नाही, कारण एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या स्त्रियांना तो माफ आहे. विमा पॉलिसीत मात्र तिघींची नावे आणि मजुरी चढवून घेतली. कामगार आता चार झाले होते. पाचवे माणूस घेताना कल्याण निधीची ओळ पाहायची, हे पावतीवर लिहिलेलेच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता अमलात आल्या आणि मी वर ज्यांची नावे घेतली त्यांतले बरेचसे केंद्रीय कायदे त्यांत विरून गेले; असे विरलेले कायदे एकूण एकोणतीस. नेमणूकपत्र आता सर्वच कामगारांना देणे बंधनकारक झाले आहे. आमच्या फाइलमधले पत्र मी त्या निमित्ताने पुन्हा लिहिले. जुन्या कायद्याचे नाव होते तिथे सामाजिक सुरक्षा संहितेचे नाव घातले आणि यंत्रापाशी दुपट्टा चालणार नाही ही ओळ तशीच ठेवली.

विशेष भत्त्याचे परिपत्रक शोधायचे काम आता माझ्याकडे राहिलेले नाही. जानेवारी आणि जुलै लागला की तोच रोज मोबाइलवर पाहत राहतो, आणि नवा तक्ता आला की तूर चाळणे थांबवून माझ्याकडे येतो. गेल्या वेळीही आला. पडद्यावर बोट ठेवून त्याने दालमिलची ओळ दाखवली, मी चष्मा लावून आकडा उतरवून घेतला, त्याच्या पगाराशी ताडून पाहिला आणि तो किती वर राहतो ते त्याला सांगितले. त्याने स्वतः एकदा बेरीज केली, मग "बरोबर आहे काका" म्हणून तो पुन्हा चाळणीकडे गेला.